कापसाच्या वाटेवरची लोखंडी इमारत

यवतमाळची काळी माती आणि कापूस शिकवताना आपण गिरणीपर्यंत जातो आणि थांबतो. त्याच वाटेवर मुंबईत काळा घोडा भागात एक जर्जर इंग्रजी इमारत आहे. तिच्यावरून इतिहास आणि विज्ञान दोन्ही शिकवता येतात.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तिथला कापूस अडला. इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैसा ओतला गेला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत सहज जाऊ लागला. त्याच वर्षी जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याच्या हॉटेलचे काम सुरू झाले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि इथे जोडले. १८६९ मध्ये इमारत पूर्ण झाली. पुढे तिला एस्प्लनेड मॅन्शन हे नाव मिळाले.

तिचा भार भिंती पेलत नाहीत, लोखंडी सांगाडा पेलतो. विटा केवळ मधल्या जागा भरतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या वाड्यांतही लाकडी खांब आणि तुळयाच भार घेतात. खांबांसाठी बीड वापरले, कारण ते दाबाला भक्कम असते. ताणाला मात्र ते कच्चे. वर्गात खडू घेऊन पाहा. उभा धरून दाबला तर सहसा तुटत नाही, वाकवला की लगेच तुटतो. तुळई वाकताना तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून तिथे घडीव लोखंड लागते.

हॉटेल बंद झाल्यावर आत लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या. भाडी तुटपुंजी राहिली, देखभाल हरवली. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे शेजारच्या विटा फुटतात. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडावी की दुरुस्त करावी, यावर तज्ज्ञांचेही एकमत झाले नाही.

आम्हांला वाटते, या वादात सांगाड्याची बाजू विसरू नये. भार वेगळा टेकवून एखादा खराब तुकडा बदलता येतो. इमारत कशी उभी आहे हे कळले, तरच ती वाचेल की नाही हे ठरवता येते.

आपल्या गावात जुना जिन किंवा पडका वाडा असेल, तर मालकाला विचारून, सुरक्षित अंतरावरून विद्यार्थ्यांकडून त्याचे चित्र काढून घ्या. भार कुठून कुठे जातो, हे बाणांनी दाखवायला सांगा. वास्तू पडली, तरी तिचे ज्ञान उरेल.