डाव्या हाताचा ग्रंथ

पुण्यात गंजपेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. १८८८ सालच्या जुलै महिन्यात या वाड्याच्या धन्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचे उजवे अंग लुळे पडले. दोनच महिन्यांपूर्वी, ११ मे रोजी, मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हणून गौरविले होते. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ लिहिली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो हात आता लेखणी धरीना. तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताला अक्षरे वळवायला लावली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला अखेरचा ग्रंथ १८८९ साली लिहून पुरा केला.

चरित्रकार ही हकिकत जोतीरावांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जिद्द शाबूत राहण्यासाठीही शरीरात काही शाबूत राहावे लागते. हात गेला, मग शब्द कसे राहिले? या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे.

पुणेकराला ही रचना समजावयाला सोपी जावी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आले आणि पेठापेठांतल्या हौदांत खेळू लागले. नळात कोठे गाळ साचला की त्यापुढच्या हौदावर घागरी रित्या राहात. (जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला होता, पाणी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हा त्यांच्या जन्मभराच्या चिंतेचाच विषय.) मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके, पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा हा एकटा मेंदू घेतो. शिल्लक मात्र काही ठेवीत नाही. पुरवठा थांबला की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात.

हे रक्त चार वाटांनी वर चढते. दोन धमन्या मानेच्या पुढच्या अंगाने जातात आणि दोन मणक्यांच्या भोकांतून. मानेतल्या या वाहिन्यांचे मोल आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मिळून आठ ‘मातृका’ सुश्रुताने तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत घातल्या आहेत, आणि ‘नीला’ व ‘मन्या’ यांना इजा झाल्यास मुकेपणा येतो, असे म्हटले आहे. ग्रीकांनी तर याच धमन्यांचे नाव गुंगी या अर्थाच्या शब्दावरून पाडले.

चारही वाटा मेंदूच्या बुडाशी येऊन एका कड्यात गुंफल्या जातात. या कड्याला टॉमस विलिस या इंग्रज वैद्याचे नाव आहे. त्याचा ग्रंथ १६६४ सालचा. त्यातल्या आकृत्या काढणारा क्रिस्टोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल चर्चचा शिल्पकार म्हणून गाजला. विलिसने मृतदेहाच्या एका बाजूच्या धमनीत रंगीत द्रव सोडला, तो कड्यातून दुसऱ्या बाजूला उतरला. एक वाट बुजली तर उरलेल्या तिन्ही तिचे काम सावरू शकतात, हे त्याने ओळखले. निसर्गाची ही तरतूद पाहून भारावून जाण्याचे मात्र कारण नाही: पुस्तकातल्यासारखे पूर्ण कडे निम्म्याहून कमी माणसांत सापडते.

शिवाय कड्याच्या पुढे ही सोय फारशी उरत नाही. तेथून प्रत्येक बाजूला निघणाऱ्या मोठ्या फांद्यांपैकी मधली सर्वांत महत्त्वाची. तिच्या बुंध्यापासून केसासारख्या बारीक वाहिन्या काटकोनात फुटून मेंदूच्या गाभ्यात शिरतात, आणि त्यांना शेजारीण नाही. एक बुजली किंवा फुटली की तिच्यापुरता भाग गेलाच. या गाभ्यातूनच हातापायांना हुकूम नेणाऱ्या तंतूंची दाट जुडी खाली उतरते आणि पुढे बाजू बदलते. म्हणून डाव्या मेंदूतला अपघात उजव्या अंगावर उमटतो. तीच धमनी पुढे पृष्ठभागावर पसरते आणि पॉल ब्रोका याने १८६१ साली पॅरिसमध्ये दाखवून दिलेल्या वाणीच्या जागेलाही रक्त देते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूतच नांदते.

खरी मेख येथे आहे. पृष्ठभागावरची फांदी बुजली असती तर उजव्या हाताबरोबर जोतीरावांची भाषाही गेली असती, आणि मग डावा हात कितीही धडधाकट असता तरी त्याच्या काही कामाचा नव्हता. कारण शब्दच हरवलेल्या माणसाला कोणत्याच हाताने लिहिता येत नाही. जोतीरावांनी तर प्रश्नोत्तरांत युक्तिवाद रचला, स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांची बाजू मांडली, अखंड रचले. तेव्हा घाव वरच्या फांदीवर नसून गाभ्यातल्या एखाद्या बारीक वाहिनीवर बसला असावा. हा माझा तर्क आहे, निदान नव्हे.

निदान करावयाचे साधन त्या काळी नव्हतेच. जोतीरावांचे स्नेही आणि सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत यंत्र इटलीत निघाले ते १८९६ साली. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, आणि तेही झटक्यानंतर पहिल्या काही तासांतच द्यावे लागते. घोल्यांच्या हाती शुश्रूषा होती आणि धीर होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. घरामागे खड्डाही खणलेला होता. पण वस्तीतल्या जागेत पुरण्याची परवानगी नगरपालिकेने दिली नाही, आणि देहाला अग्नी द्यावा लागला. सावित्रीबाई टिटवे धरून पुढे चालल्या. डाव्या हाताने लिहिलेला तो ग्रंथ यशवंतरावांनी १८९१ साली छापून काढला.