नॉर्थ कॅरोलिना टार हील्स महिला फुटबॉल संघाचे विक्रम

नॉर्थ कॅरोलिना टार हील्स हा अमेरिकेतील चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा महिला फुटबॉल (सॉकर) संघ आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे प्रशिक्षकपद ॲन्सन डॉरन्स यांनी २०२४ पर्यंत सांभाळले.

विजेतेपदे

संघाने १९८१ मध्ये एआयएडब्ल्यू या महिला क्रीडासंघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. एनसीएएने महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. २०२४ पर्यंत संघाने तिची २२ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी ९ विजेतेपदे १९८६ ते १९९४ या काळात सलग मिळाली. १९८१ चे विजेतेपद वेगळ्या संघटनेचे असल्याने ते धरल्यास एकूण संख्या २३ होते. २०२४ चे विजेतेपद डॉरन्स यांच्या निवृत्तीनंतर डेमन नाहास यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाले.

सलग सामने

अपराजित मालिका व विजयमालिका स्वतंत्रपणे मोजल्या जातात. सामना बरोबरीत सुटल्यास पहिली चालू राहते, दुसरी खंडित होते. १९८६ पासून सलग १०३ सामने अपराजित राहिलेल्या संघाला १९९० मध्ये कनेटिकटने ३–२ असे हरवले. पुढील ९२ विजयांची मालिका १९९४ मध्ये नोत्र देमविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने संपली.

वैयक्तिक कामगिरी

मिया हॅम हिने विद्यापीठीय कारकिर्दीत १०३ गोल केले व ७२ गोलांना साहाय्य केले. गोलास २ व साहाय्यास १ गुण या पद्धतीने तिचे २७८ गुण होतात. तिचा १९ क्रमांक संघाने निवृत्त केला आहे.