नगरपंचायतीचं काम गावातल्याच माणसाला मिळू शकतं का?

बाभुळगाव नगरपंचायतीचं नालीचं, रस्त्याचं किंवा पथदिव्यांचं काम निघालं की गावातला मिस्त्री, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हमखास विचारतो, "आम्ही इथलेच, टॅक्स इथंच भरतो, मग काम बाहेरच्याला कसं?" प्रश्न रास्त आहे. पण नियम समजून घ्या.

गावची अट चालते का?
निविदा सर्वांना खुली असावी, हा मूळ नियम. फक्त 'इथला रहिवासी' अशी अट संविधानाच्या कलम 14 (समानता) आणि 19 (व्यवसायस्वातंत्र्य) पुढे टिकणं कठीण. छत्तीसगडमध्ये क्रीडा साहित्याच्या निविदेत, आधी त्याच राज्यातल्या सरकारी संस्थांना माल पुरवलेला असावा, अशी अट होती. सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये ती रद्द केली.

'स्थानिक' म्हणजे कोण?
केंद्राच्या 2017 च्या मेक इन इंडिया खरेदी आदेशात 'स्थानिक' म्हणजे भारतात तयार झालेला माल. गाव-तालुक्याशी त्याचा संबंध नाही.

मग सवलत कुणाला?
- सूक्ष्म व लघु उद्योगांना: केंद्राच्या 2012 च्या धोरणानुसार 25 टक्के खरेदी त्यांच्याकडून, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांकडून. हे बंधन केंद्रीय खाती व कंपन्यांवर आहे, नगरपंचायतीवर नाही.
- महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाची छोटी कामं 33:33:34 या प्रमाणात वाटण्याची पद्धत आहे: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार. गावातल्या कामगारांनी संस्था काढली तर हा रस्ता जवळचा.
- कर्नाटक विधानसभेने मार्च 2025 मध्ये मुस्लिमांच्या 2-बी प्रवर्गाला कंत्राटात 4 टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे राखून ठेवलं. महाराष्ट्राला ते लागू नाही.

आज काय करता येईल?
उद्यम नोंदणी करून घ्या. ती पूर्ण मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पॅन, जीएसटी, डिजिटल सही तयार ठेवा आणि महाटेंडर्स पोर्टल नेमाने पाहा. बयाणा रक्कम आणि अनुभवाची अट आधी वाचा. बहुतेक अर्ज इथंच अडतात.

नातेवाईक नगरसेवक असेल तर जपून. नगरपंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक 1965 च्या कायद्याने अपात्र ठरू शकतो.

काम कुणाला, किती दराने दिलं, हे 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने विचारता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस. नुसती तक्रार करण्यापेक्षा कागद हातात असलेला बरा.