काडेपेटीतलं विष: लंडनच्या कारखान्यातली हवा आणि बायकांचे जबडे

आजचा भाग ऐकता ऐकता स्वयंपाकघरातली काडेपेटी हातात घ्या. तिच्या बाजूला तपकिरी पट्टी दिसतेय ना? काडी तिच्यावर घासली की पेटते, भिंतीवर घासली तर पेटत नाही. त्या पट्टीत लाल फॉस्फरस असतो. ही पट्टी घराघरात पोचेपर्यंत कितीतरी माणसांचे जबडे सडले. आज त्यांचीच गोष्ट.

१८३० च्या दशकात युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बाजारात आल्या. स्वस्त आणि सोयीच्या. बुटाच्या तळव्यावर घासा, भिंतीवर घासा, लगेच जाळ! लोक खूश. पण काडी बनवणाऱ्याचं काय? फॉस्फरसचा लगदा कालवायचा, त्यात काड्या बुडवायच्या, वाळवायच्या आणि पेट्यांत भरायच्या, हे सगळं बंद खोल्यांत चालायचं. पांढरा फॉस्फरस साध्या हवेतही वाफ सोडतो. लसणासारखा वास आणि अंधारात चमक. काम करून घरी गेलेल्या बायकांचे कपडे रात्री चमकायचे म्हणतात.

ही वाफ वर्षानुवर्षं श्वासातून आणि जेवणातून आत जायची. आधी दातदुखी. मग हिरड्या सुजायच्या, पू व्हायचा आणि जबड्याचं हाड आतल्या आत मरायचं. घाण इतकी यायची की घरच्यांनाही शेजारी बसवायचं नाही. शेवटचा उपाय म्हणजे जबडाच कापून काढणं. इंग्लंडमधल्या कामगारांनी या रोगाला नाव दिलं, ‘फॉसी जॉ’.

डॉक्टरांना हे कधी कळलं? फार लवकर. व्हिएन्नाच्या लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी १८४५ मध्येच काडेपेटी कामगारांचा हा रोग नोंदवून ठेवला होता. आणि योगायोग बघा, थोड्याच वर्षांत त्याच शहरात अँटोन श्रोटर या रसायनशास्त्रज्ञांनी लाल फॉस्फरस तयार केला. तोच फॉस्फरस, पण वाफ न सोडणारा. म्हणजे रोग आणि त्याच्यावरचा उतारा एकाच गावात! पुढे स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी लाल फॉस्फरस पेटीच्या पट्टीवर लावून ‘सेफ्टी मॅच’ बाजारात आणली.

पेटंट खिशात, विष हवेत

आता लंडनला या. पूर्व लंडनच्या बो भागात ‘ब्रायंट अँड मे’चा मोठा कारखाना होता. या कंपनीने १८५५ मध्ये सेफ्टी मॅचचं ब्रिटिश पेटंट विकत घेतलं होतं. म्हणजे सुरक्षित काडी कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते ती बनवतही होते. मग पांढरा फॉस्फरस का सोडला नाही? कारण कुठेही घासून पेटणारी काडी स्वस्त पडायची आणि गिऱ्हाईक तीच मागायचं.

२३ जून १८८८ ला अ‍ॅनी बेझंट यांनी या कारखान्यावर एक लेख लिहिला. हो, त्याच बेझंटबाई, ज्यांनी पुढे भारतात होमरूल लीग काढली. १९१६ मध्ये टिळकांची एक होमरूल लीग होती आणि बाईंची दुसरी. १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्षही झाल्या. लेखात त्यांनी हिशोबच मांडला. भागधारकांना वीस टक्क्यांच्या वर लाभांश, आणि आठवड्याला चार-पाच शिलिंग कमावणाऱ्या पोरींना पाय मळके दिसले म्हणून तीन पेन्स दंड.

कंपनी चिडली. ‘लेखातलं सगळं खोटं आहे, आम्ही सुखी आहोत’ अशा कागदावर कामगारांच्या सह्या मागितल्या. बायकांनी सही करायला नकार दिला. कामावरून काढायला सुरुवात झाली तशा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १,४०० जणी आणि जण बाहेर पडले. आपल्याला शिकवलं जातं की संप बेझंटबाईंनी घडवला. खरं तर त्यांचा भर बहिष्कारावर होता. संपाचा निर्णय बायकांचा होता, सारा चॅपमनसारख्या कामगार पुढे होत्या.

पंधरवड्याच्या आत कंपनी नमली. दंड बंद, काढलेल्यांना परत कामावर घ्यायचं, आणि जेवायला वेगळी खोली. ही शेवटची मागणी साधी वाटते ना? पण तोवर बायका कामाच्या जागीच, त्याच वाफेत भाकरतुकडा खात होत्या. हवेतलं विष घासागणिक पोटात जात होतं.

संप जिंकला, पण विष गेलं का?

इथे गोष्ट संपवायचा मोह होतो. पण पांढरा फॉस्फरस तसाच राहिला! जेवणाची खोली वेगळी झाली, कामाची खोली तीच राहिली.

१८९५ च्या कायद्याने फॉस्फरसच्या विषबाधेची माहिती सरकारला देणं बंधनकारक झालं. १८९८ मध्ये उघड झालं की ब्रायंट अँड मेने १७ रुग्ण कळवलेच नव्हते. शिक्षा? पंचवीस पौंड आणि थोडे शिलिंग. बायकाही दुखणं लपवायच्या, कारण दात दुखतो म्हटलं की नोकरी जायची. रोग दोन्हीकडून लपत होता, म्हणून कागदावर तो नेहमी कमीच दिसायचा.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये फॉस्फरसचं दुसरं एक संयुग वापरून कुठेही घासून पेटणारी, पण जबडा न खाणारी काडी तयार झाली. आता सबबच उरली नाही. १९०१ मध्ये ब्रायंट अँड मेने पांढरा फॉस्फरस सोडला. १९०६ मध्ये बर्न इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला, आणि १९१३ मध्ये भारतातही या काड्या आणणं, बनवणं आणि विकणं बंद करणारा कायदा आला. फिनलंडने मात्र १८७२ मध्येच आणि डेन्मार्कने १८७४ मध्येच बंदी घातली होती. म्हणजे करता येत होतं!

पुढे आपल्या अंबरनाथला ‘विमको’चा कारखाना उभा राहिला, तो स्वीडिश कंपनीचा. तोवर जबडा खाणारी काडी कायद्याने हद्दपार झाली होती. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात मात्र फॉस्फरसची विषबाधा पुढेही वाचायला मिळायची. त्याच कायद्याचं कलम १४ सांगायचं की धूळ आणि वाफ जिथे तयार होते, तिथूनच शक्य तितकी ओढून बाहेर काढा.

पण मला यातून सगळ्यात महत्त्वाची वाटते ती क्रमाची गोष्ट. दात तपासले, खिडक्या वाढवल्या, हात धुवायला लावले, जेवणाची खोली दिली. या सगळ्याने थोडा फरक पडला. रोग गेला तो विषच बदललं तेव्हा. आणि रोग पहिल्यांदा नोंदवल्यापासून तिथे पोचायला ५६ वर्षं गेली.

तुमच्यापैकी कितीतरी जण एमआयडीसीत काम करतात, किंवा घरचं कुणीतरी करतं. रंगाचा, सॉल्व्हंटचा, अ‍ॅसिडचा वास अंगाला घेऊन घरी येतं. काही झालं की पहिला प्रश्न येतो, ‘मास्क लावला होता का?’ तो विचाराच. पण त्याच्या आधी आणखी एक विचारा: हे रसायन वापरायलाच हवं का, की दुसरं काही मिळतंय आणि ते फक्त थोडं महाग आहे?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!