दोन नागपुरे

कळमेश्वरकराने ‘नागपूरला जातो’ म्हटले की कोणते नागपूर, असे त्याला कोणी विचारीत नाही. परंतु भारताच्या नकाशावर रांचीच्या बाजूस ‘छोटा नागपूर’ नावाचे डोंगराळ पठार आहे. पारसनाथाचा उंच पहाड त्यावरच उभा आहे. हे धाकटे नागपूर आपल्या थोरल्या नागपूरची शाखा असावी, अशी अनेकांची समजूत असते. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर भोसल्यांची फौज घेऊन त्याच मुलखातून बंगालवर गेले, हा आधारही कोणी पुढे करतो.

तारखा पाहिल्या म्हणजे ही समजूत टिकत नाही. आपले नागपूर देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास वसविले. नाव पडले नाग नदीवरून. तिकडचे नाव नागवंशी राजांचे. त्यांच्यापैकी दुर्जनसालास जहांगीराच्या सुभेदाराने १६१६ च्या सुमारास कैद केले, तेव्हा आपले शहर जन्मासही आले नव्हते! ‘छोटा’ हे विशेषणही आकाराचे नव्हे. रांचीलगतच्या चुटिया या नागवंशीयांच्या जुन्या गावाच्या नावाचा तो अपभ्रंश होय, असे अनेक अभ्यासक मानतात. तिकडची ‘नागपुरी’ भाषादेखील बिहारी बोलींच्या कुळातली. आपली नागपुरी मराठीची लेक.

या दोन मुलखांचा खरा संबंध आला तो उद्योगामुळे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे लोखंडाच्या कारखान्यासाठी त्यांची दृष्टी प्रथम चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाकडे गेली. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयोगी ठरला नाही. त्यांच्या पश्चात छोटा नागपुरातील साकची येथे कारखाना उभा राहिला. १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले. आज कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतही पोलादी पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढतो.

नावाच्या साम्यावरून नाते जोडण्यात आपुलकी दिसते खरी; पण त्यायोगे नागवंशी राजांचा आणि तेथील मुंडा-उरांव प्रजेचा इतिहास आपल्या खात्यात जमा होतो. आपल्या नागपूरचा पायाही एका गोंड राजाने घातला, हे ज्याला विसरावयाचे नसेल, त्याने त्यांचे नागपूर त्यांचेच राहू द्यावे.