अवतरण-अपघात (हलकी विमाने)
महाराष्ट्रात हौशी विमानोड्डाण १९२८ मध्ये जुहूच्या कच्च्या मैदानावर रुजले. तिथल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या जिप्सी मॉथ विमानांना ब्रेक नसत. शेपटीला चाकाऐवजी घसरपट्टी असे. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने जमिनीला टेकताच आडव्या वाऱ्यात विमान गर्रकन फिरे, पंखाचे टोक घासे. चाक रुतले की नाक खाली जाऊन लाकडी प्रोपेलर फुटे. या सगळ्याला वैमानिकाची चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. उतरण्याचा वेग ताशी जेमतेम ६५–७० किमी. असल्याने माणूस बहुधा बचावे. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जाई. त्यामुळे १९३२ मध्ये सुरू झालेली टाटांची टपालसेवा तेव्हा पुण्याहून चाले. १९३० मध्ये ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन यांना अशाच विमानाने झाशीच्या परेड मैदानावर उतरावे लागले. त्यात मोडलेला पंख तिथेच दुरुस्त झाला.