टाइपरायटरची साक्ष : नागपूरचा एक खटला आणि संशयित कागद



आजचा विषय आहे संशयित दस्तऐवज आणि त्यांची तपासणी. आता हा विषय प्रयोगशाळेचा, सूक्ष्मदर्शकाचा. त्यावर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं का बोलावं? कारण प्रयोगशाळेचं काम संपतं तिथे एक फार जुना प्रश्न उभा राहतो. खूण पाहून आपण अनुमान करतो, ते ज्ञान केव्हा ठरतं आणि नुसता संशय केव्हा राहतो? हा प्रश्न मी एका खटल्याच्या आधारानं मांडणार आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्याचं नाव पाठ असतं, पण तो आपल्याच मुलखातला आहे याचं भान फार थोड्यांना असतं.

१९४६ साल घ्या. तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. गोंदिया भंडारा जिल्ह्यात. सिवनी त्याच प्रांतात. इथून बालाघाट, नैनपूर करत छोट्या गाडीनं तिथे जाता येई. तर सिवनीला दारूची सरकारी भट्टी होती. १ एप्रिल १९४७ ते ३१ मार्च १९५१ या चार वर्षांसाठी ती चालवण्याचा ठेका द्यायचा होता, म्हणून सरकारनं निविदा मागवल्या. अबकारी आयुक्त होते हनुमंत गोविंद नरगुंदकर.

पुढे आरोप झाला तो असा : आयुक्तांनी आलेल्या निविदा एका ठेकेदाराला दाखवल्या, आणि त्यानं आपली आधीची निविदा काढून कमी दराची नवी निविदा तिच्या जागी ठेवली. शिवाय एक पत्रही बनावट असल्याचा आरोप होता. पत्रावर तारीख नोव्हेंबर १९४६ ची. सरकारी पक्षाचं म्हणणं, हे पत्र मागाहून टाइप करून मागची तारीख टाकलेली आहे. का? तर त्या दिवसांत ऑफिसात जो टाइपरायटर वापरात होता त्यावर ते टाइप झालेलं नाही. ते झालंय दुसऱ्या मशीनवर, आणि ते मशीन १९४६ संपत येईपर्यंत नागपुरात आलेलंच नव्हतं!

युक्तिवाद बिनतोड वाटतो की नाही? जे मशीन गावात नाही, त्यावर पत्र टाइप कसं होईल?

आता टाइपरायटर ओळखतात कसा, ते थोडक्यात बघू. मशीन कारखान्यातून येतं तेव्हा त्याच्या अक्षरांचं वळण, आकार आणि दोन अक्षरांमधलं अंतर त्या कंपनीचं, त्या मॉडेलचं असतं. इंचाला दहा अक्षरं बसतात की बारा, एवढं मोजलं तरी पुष्कळ मशीनं बाद होतात. ही झाली जातीची खूण. मग मशीन वापरात येतं. एखाद्या अक्षराचा दांडा किंचित वाकतो, एखाद्याचा टवका उडतो, कुठलं अक्षर ओळीच्या जरा वर बसतं, कुठल्याच्या पोटात शाईचा मळ भरतो. अशा आठ-दहा खोडी एकत्र आल्या की ती झाली व्यक्तीची खूण. दोन मशीनांत नेमक्या त्याच सगळ्या खोडी जमून येणं फार दुर्मीळ. ही कल्पना तशी जुनीच. कॉनन डॉयलनं १८९१ च्या एका कथेत शेरलॉक होम्सला टाइपरायटरच्या खोडींवरून लबाड पकडायला लावलंय.

नागपूरच्या विशेष दंडाधिकाऱ्यांनी दोघांनाही दोषी धरलं. सत्र न्यायालयात कटाचा आरोप टिकला नाही, बनावटीचा टिकला. उच्च न्यायालयानंही शिक्षा कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ सप्टेंबर १९५२ रोजी न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकाल दिला : दोघेही निर्दोष.

टाइपरायटरच्या पुराव्याचं काय झालं? इथे खरी गंमत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञाचं मत कशाकशावर चालतं ते सांगितलंय : परकीय कायदा, विज्ञान किंवा कला, हस्ताक्षर, आणि १८९९ च्या दुरुस्तीनंतर बोटांचे ठसे. टाइपरायटरचा उल्लेख नाही. म्हणून उच्च न्यायालयानं म्हटलं, या तज्ज्ञांचं मत ग्राह्यच नाही. आणि तेवढं म्हणून पुन्हा त्याच मतांची चर्चा केली, त्यांच्यावर थोडी भिस्तही ठेवली! सर्वोच्च न्यायालयाला हे विचित्र वाटलं, आणि तसं त्यांनी नोंदवलं.

मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. 'हे मी पाहणार नाही' असं म्हणायचं आणि एक डोळा तिकडेच ठेवायचा, हा मनाचा स्वभाव आहे. महाजनांनी निकालात एका इंग्रज न्यायाधीशाचा जुना इशारा आठवून दिला. १८३८ साली बॅरन आल्डरसन यांनी ज्यूरीला बजावलं होतं की तुकड्याला तुकडा जुळवण्यात माणसाच्या मनाला आनंद होतो. तुकडा बसत नसेल तर मन तो जरा ओढूनताणून बसवतं, आणि एखादा दुवा हरवला असेल तर तो पदरचा घालतं. म्हणून महाजनांनी कसोटी लावली. प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध झाली पाहिजे. ती फक्त अपराधाशीच जुळली पाहिजे. साखळी अशी पूर्ण हवी की निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या शरद बिरदीचंद सारडा खटल्यात न्यायालयानं याच कसोटीची पाच सूत्रं केली आणि त्यांना पंचशील म्हटलं. देशभर आज जी पाच सूत्रं सांगतात, त्यांचं मूळ या सिवनीच्या भट्टीच्या खटल्यात आहे.

आपल्या न्यायदर्शनात हाच विचार वेगळ्या भाषेत आहे. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीशिवाय नसतोच. या अटळ संबंधाला व्याप्ती म्हणतात. पण उलटं करा. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धुराला ओलं लाकूड लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. अनुमान तपासायचं म्हणजे उपाधी शोधायची.

आता टाइपरायटरच्या युक्तिवादाला ही चाळणी लावा. पत्र त्याच मशीनचं आहे हे एक विधान. मशीन त्या तारखेला नागपुरात नव्हतं हे दुसरं. आणि पत्र नागपुरातच टाइप झालं हे तिसरं, जे आपण न बोलता गृहीत धरतो. पहिल्यासाठी तज्ज्ञ लागतो. दुसऱ्यासाठी खरेदीची पावती, रेल्वेची बिल्टी लागते. तिसऱ्यासाठी तर माणसंच तपासावी लागतात. तज्ज्ञ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि आपण तिन्हींचं मिळालं असं समजून चालतो.

२०१७ साली पाकिस्तानात हेच नव्या रूपात झालं. सत्ताधारी घराण्यानं न्यायालयात दिलेल्या कागदांवर फेब्रुवारी २००६ ची तारीख होती, आणि अक्षरं होती कॅलिब्री फॉन्टची. हा फॉन्ट सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती आला २००७ मध्ये. जगभर हसं झालं. पण दुसऱ्या बाजूनं उपाधी काढलीच : चाचणीची आवृत्ती त्याआधीच उपलब्ध होती. मग प्रश्न फॉन्टचा राहत नाही. त्या विशिष्ट संगणकावर ती आवृत्ती होती का, हा होतो.

१९५२ चं टाइपरायटरबद्दलचं मत पुढे टिकलं नाही, हेही सांगायला हवं. दिल्लीतल्या एका पार्सल बॉम्बच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की 'विज्ञान' या शब्दात टाइपरायटरची तपासणी येते. नागपूर खटल्यात तो मुद्दा कोणी लढवलाच नव्हता, म्हणून ते मत बांधील नाही. योग्यच झालं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९ मध्ये विज्ञान व कलेच्या जोडीला 'अन्य कोणतंही क्षेत्र' असे शब्दच आलेत. दार आता सताड उघडं आहे. मग जबाबदारी वाढते, कमी होत नाही. १९८० च्या सुमाराच्या मुरारीलाल खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की हस्ताक्षरतज्ज्ञाला दुसऱ्याचा दुजोरा हवाच असा नियम नाही, पण सावध राहा आणि त्याची कारणं तपासा. नुसतं मत ऐकून मान डोलवू नका.

कोणी म्हणेल, सर, एवढं काटेकोर राहिलं तर गुन्हेगार सुटतील. नाही. पुण्याच्या डॉ. अनंत लागूंचा खटला बघा. त्यांची एक विधवा रुग्ण नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईच्या रुग्णालयात वारली. व्हिसेरात विष सापडलं नाही. पण बाई गेल्यानंतरही तिच्या नावानं पत्रं येत राहिली, की मी लग्न केलंय, सुखात आहे. मालमत्ता मात्र डॉक्टरांकडे सरकत होती. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं शिक्षा कायम केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. रसायनशास्त्र गप्प होतं, पण साखळी पूर्ण होती. एका न्यायमूर्तींना मात्र ती पूर्ण वाटली नाही, त्यांनी वेगळं मत दिलं. तोही आपल्या अभ्यासाचा भाग आहे.

आणि हे सगळं मोठ्या खटल्यांपुरतंच नाही. आपल्या जिल्ह्यात माणसाचं नशीब कागदावर असतं. शेताचं खरेदीखत, आजीचा अंगठा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जातीची नोंद. एका ओळीवर पोराची नोकरी राहते किंवा जाते. खोटा कागद पकडण्याच्या काही खुणा तर आपल्यालाही दिसू शकतात. १९८५ च्या दाखल्यावर 'जिल्हा गोंदिया' असा शिक्का असेल तर दाखला तेव्हाचा नाही, कारण जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. १९३० च्या नोंदीत बॉलपेनची शाई असेल तर ती नोंद नंतरची, कारण बॉलपेन बाजारात आलं ते चाळीसच्या दशकात.

पण इथेच थांबा आणि उपाधी शोधा. रजिस्टर फाटलं म्हणून हेडमास्तरांनी जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवून घेतल्या असतील तर? शाई नवी, नोंद मात्र खरी. शिक्का नवा असेल तर तो दुय्यम प्रतीचा असेल का? शाई सांगते की हे अक्षर केव्हा लिहिलं गेलं. ते का लिहिलं, हे शाई सांगत नाही. ते विचारायला त्या घरी जावं लागतं, जुन्या मास्तरांना गाठावं लागतं, शेजारच्या ओळी वाचाव्या लागतात. अधिकारी एवढं करत नसेल, तर यंत्र कितीही महागडं असलं तरी निर्णय संशयावरच होतो, आणि तो संशय बहुतेक वेळा गरिबाच्या कागदावरच घेतला जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खूण बघा, तज्ज्ञाला बोलवा, त्याला कारणं विचारा. आणि त्याच्या उत्तरानंतर स्वतःला विचारा, यातलं न बोललेलं तिसरं विधान कोणतं?

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ.